विंडोज १० चा सपोर्ट संपला, तरी पीसी भंगारात टाकू नका

तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून घरोघरी, दुकानांत, झेरॉक्स सेंटरमधे एकच प्रश्न चाललाय की आता ह्या पीसीचं करायचं काय. दुकानवाल्याला विचारलं तर तो नवीन घ्या म्हणणार, धंदाच आहे त्याचा, आणि भाच्याला विचारलं तर तो म्हणणार काही होत नाही हो, चालतोय तोवर चालवा. दोन्ही अर्धवट. माझं म्हणणं असं की मशीन कितव्या सालचं, रॅम किती हे नंतर बघा, आधी बघा त्या मशीनवर रोज काम काय होतं. बँक उघडता का, टॅली आहे का, डिजिटल सही लागते का, की नुसतं यूट्यूब आणि लाईट बिल. एका कागदावर चार ओळी लिहा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

सपोर्ट संपला म्हणजे नक्की काय संपलं

पीसी बंद पडत नाही. फायली उघडतात, प्रिंट निघते, सगळं कालच्यासारखंच दिसतं आणि म्हणूनच लोक निवांत राहतात. संपलं ते एवढंच की विंडोजमधे नवीन भोक सापडलं तर बुजवायला आता कोणी येत नाही. आणि भोकं सापडतच राहतात, उलट विंडोज ११ ला दर महिन्याला जे पॅच येतात ते उघडून बघितले की हल्ला करणाऱ्याला आयतं कळतं १० मधे कुठे हात घालायचा, कारण दोन्हीचा बराच कोड एकच आहे.

हे उगाच घाबरवायला सांगत नाहीये. २०१७ आठवा. मार्च मधे मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाईल शेअरिंगमधलं एक भोक बुजवणारा पॅच दिला, मे मधे वॉनाक्राय नावाचा खंडणीचा व्हायरस आला आणि ज्यांनी तो पॅच टाकला नव्हता त्यांची मशीनं जगभर लॉक झाली. विंडोज एक्सपीचा सपोर्ट तर ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, पण तेव्हा इतकी आग लागली की मायक्रोसॉफ्टला मेलेल्या एक्सपीसाठी पण पॅच काढावा लागला. मग जून मधे नॉटपेट्या, तसाच दुसरा व्हायरस, तो सुरू झाला युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आणि नेटवर्कमधून पसरत पसरत मर्स्क ह्या जहाज कंपनीत घुसला, तिकडून त्यांचं आपल्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर अडकले. म्हणजे कुठे युक्रेन आणि कुठे उरण.

आता दुसरी बाजू पण सांगतो कारण ती कोणी सांगत नाही. विंडोज १० वर सगळं एकाच दिवशी संपलेलं नाही. एज ब्राउझरला निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट येणार आहेत, डिफेंडर अँटिव्हायरसच्या नवीन व्हायरसच्या याद्या पण तोपर्यंत येणार, मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर त्याचे सिक्युरिटी अपडेट पण १० ऑक्टोबर २०२८ पर्यंत. पण ऑफिस २०१६ आणि २०१९ मात्र विंडोज १० बरोबर त्याच दिवशी गेले, हे बऱ्याच जणांना माहितीच नाही. आणि डिफेंडर चालू आहे म्हणून बिनधास्त राहू नका, गेटवर वॉचमन आहे पण मागची भिंत पडलीय असा प्रकार होतो तो.

ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ आहे त्यांनी हा लेख जरा जास्त लक्ष देऊन वाचा. ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला गेला आणि क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, म्हणजे तुमचा ब्राउझर पण २०२३ पासून जागच्या जागी थांबलाय.

सगळ्यात आधी डेटा, काहीही उघडायच्या आधी

हे वाचून उत्साहात पेन ड्राईव्ह शोधून नवं विंडोज टाकायला उठू नका. आधी बॅकअप. एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो हे तर घ्याच, पण लोक विसरतात ते वेगळंच असतं. टॅलीचा डेटा फोल्डर बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समधे नसतोच, टॅलीतून डेटाचा पाथ बघा आणि तिथून उचला. आउटलुक असेल तर त्याची पीएसटी फाईल, सगळे मेल त्यात असतात. ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड आणि बुकमार्क. जुने मराठी फॉन्ट जे तुम्ही कुठून कुठून गोळा केलेत, शिवाजी, कृतीदेव वगैरे, ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कॉपी करा, नंतर ह्या फॉन्टवाल्या जुन्या फायली उघडल्या की सगळं गचपण दिसतं आणि मग पळापळ. आणि कॉपी झाली म्हणजे झालं असं नाही, ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून चारपाच फायली उघडून बघा.

लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे मिळते. बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमधे, एखादी सेटिंग बदलली आणि विंडोजने ४८ आकडी की मागितली की मग रडायला येतं.

हातातलं मशीन नक्की काय आहे

सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट. तिथे प्रोसेसरचं नाव दिसेल. इंटेल असेल तर आय ३, आय ५ च्या पुढचा आकडा बघायचा, ७२०० असेल तर सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी, आणि पाच आकडे असले तर पहिले दोन. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, एएमडीमधे साधारण रायझन २००० सिरीजपासून पुढे. शिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची चिप, आणि सिक्युअर बूट ही बायोसमधली सोय. ४ जीबी हा कागदावरचा आकडा आहे हां, ४ जीबीवर विंडोज ११ चालवणं म्हणजे स्वतःचा छळ, ८ च्या खाली नादाला लागू नका.

इथे एक गंमत आहे. बऱ्याच असेंबल पीसीमधे प्रोसेसर आठव्या नवव्या पिढीचा असतो तरी मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक म्हणतं की चालणार नाही, कारण टीपीएम बायोसमधे बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम नावाची सेटिंग असते, ती चालू केली की झालं. विंडोज जुन्या पद्धतीने म्हणजे लेगसी बूट आणि एमबीआर डिस्कवर टाकलेलं असेल तर आधी डिस्क जीपीटी करावी लागते, त्यासाठी विंडोजमधेच एमबीआर टू जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न जाता होतं, पण बॅकअप घेतलाय ना, तो ह्याच्यासाठीच. असे कितीतरी पीसी उगाच जुने ठरवून नवे विकले गेलेत.

एक वर्ष विकत, खरं तर फुकट

मशीन ११ ला चालत नसेल आणि काम विंडोजशिवाय होणार नसेल तर पहिला उपाय ईएसयू, म्हणजे एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट. घरगुती वापरासाठी हे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचं आहे. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट इथे गेलं की एनरोल नाऊ अशी लिंक दिसते, दिसत नसेल तर आधी तुमचं विंडोज १० हे २२एच२ आवृत्तीचं आहे का बघा आणि पेंडिंग अपडेट सगळे टाका. तीन रस्ते आहेत, ३० डॉलरच्या हिशोबाने पैसे भरा, नाहीतर १,००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून पीसीच्या सेटिंग्ज सिंक करायला परवानगी द्या, ह्यात पैसे लागत नाहीत. एका अकाउंटवर १० मशीनं चालतात.

सिंक करताना तो डॉक्युमेंट्स आणि फोटो पण वनड्राईव्हवर चढवायला बघतो, ते बंद ठेवा, फुकटची जागा ५ जीबीच आहे, चार दिवसांत भरते आणि मग स्टोरेज फुल स्टोरेज फुल करून डोकं खातो. ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या मशीनला ही घरगुती योजना लागू नाही, त्यांचं वेगळं आहे, पहिल्या वर्षी दर मशीनला ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. तीन वर्षांची बेरीज केली तर तेवढ्यात बरा सेकंडहॅंड पीसी येतो, त्यामुळे छोट्या ऑफिसला मी तरी हे सुचवणार नाही.

आणि रूफसवाला जुगाड? हो, रूफस ह्या फुकट सॉफ्टवेअरने विंडोज टाकायचा पेन ड्राईव्ह बनवताना टीपीएम वगैरेची अट काढून टाकता येते आणि सहाव्या सातव्या पिढीवर ११ बसतं पण. चालतं पण ठीक. पण मायक्रोसॉफ्ट म्हणतं अशा मशीनला अपडेट मिळतील ह्याची हमी नाही, आणि वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट आपोआप येत नाही, परत पेन ड्राईव्ह घेऊन बसावं लागतं. ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर प्रोसेसरमधे एसएसई ४.२ ही सोय नसेल तर बूटच होत नाही, म्हणजे कोअर टू ड्युओवाल्यांनी आशा सोडा. घरी स्वतः खटपट करणाऱ्याने करावं, दुकानाच्या बिलिंगच्या मशीनवर करू नये. सकाळी गिऱ्हाईक उभं आणि मशीन अपडेटमधे अडकलेलं, नको तो ताप.

पैसे घालायचेच तर इथे घाला

कुठलाही रस्ता घ्या, मशीनमधे अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, टाका. बाकी काही नाही केलं तरी चालेल. दहा वर्षं जुना आय ३ एसएसडीवर जितका झटपट उघडतो तितका नवा लॅपटॉप हार्ड डिस्कवर उघडत नाही. जुन्या मशीनला २.५ इंची साटा एसएसडी लागते, २५६ जीबी पुष्कळ झाली. लॅपटॉपमधे डीव्हीडी ड्राईव्ह असेल तर तो काढून तिथे कॅडी नावाच्या चौकटीत जुनी हार्ड डिस्क बसवता येते, फक्त कॅडी ९.५ एमएमची लागते की १२.७ ची हे मोजून घ्या, दोन्ही लॅमिंग्टन रोडवर शेजारी शेजारी टांगलेल्या असतात आणि चुकीची आणली की परत फेरी.

रॅम ८ जीबी करा. इथे जुन्या लॅपटॉपवाल्यांनी सांभाळायचं म्हणजे डीडीआर ३ मधे पण दोन प्रकार आहेत, साधी १.५ व्होल्टची आणि डीडीआर ३ एल, १.३५ व्होल्टची. बऱ्याच चौथ्या पाचव्या पिढीच्या लॅपटॉपना एलवालीच लागते, साधी लावली की स्क्रीन काळी. आतली काढून तिच्यावरचं स्टिकर वाचा आणि तीच मागा.

अजून एक, हा प्रॉब्लेम इतका फालतू असतो की कोणी बघतच नाही. डेस्कटॉप चालू केला की तारीख २०१५ वगैरे दाखवतो आणि एकही वेबसाईट उघडत नाही, सगळीकडे कनेक्शन सुरक्षित नाही. व्हायरस नसतो तो, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. घड्याळवाल्याकडे पण मिळतो. आणि लॅपटॉपचा टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी बॅटरी काढा, फुगलीय ती, तिच्याशी खेळ नको.

लिनक्स मिंट, म्हणजे खरा मुद्दा

ज्या कागदावर तुम्ही कामं लिहिलीत त्यावर सगळं ब्राउझरमधलं असेल, बँक, मेल, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप वेब, मुलांच्या अभ्यासाच्या साईट, महाडीबीटीचे फॉर्म, आणि थोडं वर्ड एक्सेल, तर तुम्हाला विंडोजची गरजच नाहीये, सवय आहे. सवय सुटते. लिनक्स मिंट टाका, विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम आहे ती. उबंटू हे दुसरं लिनक्स का नाही असं विचारणारे असतील, तर उबंटू चांगलंच आहे पण मिंटमधे खाली डावीकडे मेन्यू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ, एमएससीआयटी केलेल्या माणसाला पण पहिल्या दिवशी हरवल्यासारखं वाटत नाही. मिंट २२ सिरीजला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि सगळं फुकट.

८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ असेल तर एक्सएफसीई. २ जीबीवर पण सुरू होतं असं ते म्हणतात, होतं सुरू, पण क्रोमचे तीन टॅब उघडले की संपलं. ३२ बिटचं मिंट आता नाही, पण घाबरू नका, तुमच्या विंडोजवर ३२ बिट लिहिलंय म्हणजे प्रोसेसर ३२ बिटचा असं नसतं, त्या काळात २ जीबी रॅमच्या मशीनवर सर्रास ३२ बिट विंडोज टाकून द्यायचे. अबाउटमधेच एक्स ६४ बेस्ड प्रोसेसर असं लिहिलेलं असेल तर काम झालं.

करायचं असं. मिंटच्या साईटवरून आयएसओ फाईल उतरवा, ३ जीबीच्या आसपास असते. ८ जीबीचा पेन ड्राईव्ह, त्यातलं सगळं जाणार हे लक्षात ठेवा. रूफस किंवा एचर ह्या सॉफ्टवेअरने ती फाईल पेन ड्राईव्हवर लिहा, नुसती कॉपी पेस्ट करून चालत नाही. मग मशीन रिस्टार्ट करून बूट मेन्यूची की दाबत राहा, डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९, असुसच्या लॅपटॉपला एस्केप, एसरला पण एफ १२ पण त्याची कधीकधी बायोसमधे आधी परवानगी द्यावी लागते.

पेन ड्राईव्हवरून मिंट सुरू झालं की लगेच इन्स्टॉल दाबू नका, हेच तर त्याचं सुख आहे की डिस्कला हात न लावता सगळं वापरून बघता येतं. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, ब्राइटनेस कमी जास्त होतोय का, प्रिंटर दिसतोय का, झाकण बंद करून उघडलं की जागं होतंय का, सगळं तिथेच तपासा. स्लो वाटेल, पेन ड्राईव्हवरून चाललंय म्हणून, त्यावरून मत बनवू नका. वायफाय नाही लागलं, आणि ब्रॉडकॉमची चिप असली तर बऱ्याचदा नाही लागत, तर फोन यूएसबी केबलने लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येतं, मग इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडला की तो स्वतःच योग्य ड्रायव्हर सुचवतो.

इन्स्टॉल करताना मोठा प्रश्न एकच, इरेज डिस्क की विंडोजच्या शेजारी. पहिल्यांदा करत असाल आणि जागा असेल तर शेजारी टाका, म्हणजे दर वेळी चालू करताना विचारेल. त्याआधी विंडोजच्या पॉवर सेटिंगमधे फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजची ड्राईव्ह मिंटमधून फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. दोन्ही ठेवलेत की अजून एक गंमत होते, विंडोजमधे गेलात की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास चुकलेलं. विंडोज मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेला लावून ठेवतं आणि लिनक्स जीएमटीला, म्हणून भारतात साडेपाच तासांची भानगड, मिंटला एकदा सांगून ठेवायचं की तू पण स्थानिक वेळच धर. आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमधे स्टोरेज रेड किंवा आरएसटी मोडवर असतं, ते एएचसीआय करायचं, पण तसं केलं की जुनं विंडोज उघडायला कुरकुर करतं, तेव्हा विंडोज ठेवायचं असेल तर आधी विचार करा.

मल्टिमीडिया कोडेक्सवाली टिक मारा. झाल्यावर अपडेट मॅनेजरमधे अपडेट आपोआप होऊ देत असं करा, टाइमशिफ्ट चालू करा म्हणजे काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं, फक्त ते सिस्टिमचं असतं, तुमचे फोटो त्यात नसतात. क्रोम हवंच असेल तर गूगलच्या साईटवरून डेब फाईल घ्यायची, पण फायरफॉक्स आधीच असतं आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीने चालतं, क्रोममधे आता त्याची लाईट आवृत्तीच उरलीय. जुन्या मशीनवर जाहिराती बंद झाल्या की फरक डोळ्यांना दिसतो.

मराठी टायपिंग आणि प्रिंटर, ह्यावरच लोक अडतात

इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड येत असेल तर काहीच प्रश्न नाही, कीबोर्डच्या लेआउटमधे भारताच्या यादीतून देवनागरी घ्या, बोटं आपोआप चालतात. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारे असाल तर इनपुट मेथडमधे जाऊन आयबस टाका आणि त्याच्याबरोबर एम१७एन, मग मराठीत फोनेटिक आणि आयट्रान्स असे पर्याय येतात. गूगलच्या टायपिंगइतकं समजूतदार नाही ते, ळ आणि ण साठी कॅपिटल लागतं, आठवडाभरात हात बसतो.

अडचण येते ती श्रीलिपी किंवा आयएसएम ह्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना. लग्नपत्रिका, अहवाल, जुने करारनामे सगळं त्या फॉन्टमधे. फॉन्ट फाईल मिंटमधे टाकून जुनी फाईल वाचता येते, डबल क्लिक करून इन्स्टॉल, पण टाईप करायचं सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे. डीटीपीचा धंदा असेल तर विंडोज ठेवा, सरळ. घरगुती चार कागद असतील तर एकदा युनिकोडमधे बदलून घ्या, कधीतरी करायचंच आहे.

प्रिंटर. आपल्याकडे दर दुसऱ्या ऑफिसात दोनच प्रिंटर असतात, एचपी लेसरजेट १०२० नाहीतर कॅनन एलबीपी २९००. एचपीवाला मिंटवर चालतो, त्याचं एचपीलिप हे ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर असतंच, फक्त त्याचं प्लगइन एकदा नेटवरून उतरवावं लागतं कारण ह्या प्रिंटरमधे फर्मवेअर राहत नाही, दर वेळी चालू केला की पीसीने ते भरायचं असतं. कॅनन २९०० मात्र त्रास देतो. त्याचा ड्रायव्हर जुना, ३२ बिटच्या लायब्ररी मागतो, कधी चालतो कधी नाही. रोज पन्नास प्रिंट काढणारे असाल आणि घरात हा कॅनन असेल तर लिनक्सचा निर्णय प्रिंटरला विचारून घ्या. नवे वायफायवाले प्रिंटर बहुतेक ड्रायव्हरशिवायच दिसतात.

जिथे विंडोजच पाहिजे

टॅली, डीएससी म्हणजे डिजिटल सहीचं टोकन, बायोमेट्रिक अंगठ्याचं मशीन, ई टेंडर. इथे लिनक्सचा हट्ट धरू नका. सही करायच्या युटिलिटी, टोकनचे ड्रायव्हर, सगळं विंडोज धरून बनवलेलं आहे आणि टेंडरच्या शेवटच्या तासाला टर्मिनल उघडून कमांड टाईप करत बसायची वेळ येऊ नये. जिथे आधार ओटीपीने भागतं, जसं की स्वतःचा इन्कम टॅक्स रिटर्न, तिथे कुठलाही ब्राउझर चालतो. सेतू किंवा आपले सरकार केंद्र चालवणाऱ्याने एक मशीन नीट विंडोज ११ चं घ्यावं आणि बाकीच्या दोन तीन जुन्यांवर मिंट टाकून फॉर्म भरायला लावावी, चारही मशीनं नवी घ्यायची काही गरज नाही.

कधी कधी मशीन असं असतं की त्याला हातच लावता येत नाही. भरतकामाच्या मशीनला जोडलेला पीसी, लेथच्या सीएनसीचा, वजनकाट्याचा, पॅथॉलॉजी लॅबच्या अ‍ॅनालायझरचा, ज्याचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीच आता नाही. त्याला नेटपासून तोडा. लॅन केबल काढा, वायफाय नुसतं बंद नको, डिसेबलच करा, आणि डेटा आणायला न्यायला एकच ठरलेला पेन ड्राईव्ह ठेवा जो आधी दुसऱ्या अपडेटेड मशीनवर स्कॅन होईल. असा एक्सपी अजून दहा वर्षं चालला तरी मला काही वाटणार नाही. पण मग त्याच्यावर जेवणाच्या सुट्टीत क्रिकेट स्कोअर बघायचा नाही, आणि हे कामगारांना तोंडी सांगून उपयोग नसतो, केबलच कपाटात ठेवायची.

आणि ईएसयू पण नाही, लिनक्स पण नको, तसंच विंडोज १० वापरणार असाल, असतात असे लोक, तर निदान एवढं करा. रोजच्या वापराला अ‍ॅडमिन नसलेलं साधं अकाउंट बनवा. जावा, अडोबी फ्लॅश, जुने कन्व्हर्टर, टूलबार काढून टाका. फाईल शेअरिंग बंद. बँकेचं काम फोनवर, जर फोनला अपडेट येत असतील तर. आणि क्रॅक केलेलं ऑफिस, फोटोशॉप, अ‍ॅक्टिव्हेटर, हे तर आजच काढा. जे सॉफ्टवेअर टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतं ते तुम्हाला फुकट काय देतंय ह्याचा विचार करा, पॅच नसलेल्या मशीनवर तर ते दार उघडूनच ठेवणं आहे. वर्ड एक्सेल पाहिजे तर लिबरऑफिस विंडोजवर पण चालतं, साधी पत्रं आणि कोटेशन आरामात होतात, फक्त मॅक्रोवाल्या एक्सेल फायली त्यात नीट चालतील असं धरून चालू नका.

आईवडिलांसाठी अजून एक पर्याय, क्रोम ओएस फ्लेक्स. गूगलची ऑपरेटिंग सिस्टिम आहे, फुकट, ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा पुरते. उघडलं की फक्त ब्राउझर, बिघडवायला काही नाहीच. पण ह्यावर प्ले स्टोअर नाही, म्हणजे फोनवरची अ‍ॅप इथे येत नाहीत, आणि त्यासाठी गूगल अकाउंट लागतं. मुलगा पुण्याबाहेर किंवा अमेरिकेत असेल आणि दर रविवारी फोनवरून पीसी दुरुस्त करत बसत असेल तर त्याला हे आवडेल. मिंट टाकलं असेल तर दुरून पीसी चालवायचं एनीडेस्क त्यावर पण चालतं, मात्र आईवडिलांना हे पक्कं सांगा की त्यातला नंबर तुमच्याशिवाय कोणालाही द्यायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तर नाहीच.

एवढं करूनही मशीन नकोच असेल आणि कोणाला द्यायचं असेल, कामवाल्या मावशींच्या मुलीला, गावच्या शाळेला, तर मिंट टाकून, चालू करून द्या, नुसता डबा देऊ नका, पुढच्याला तो खर्चच होतो. देण्याआधी डिस्क पुसा. विंडोजमधे रिसेट करताना क्लीन द ड्राईव्हवाला पर्याय निवडावा लागतो, नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट केलेले फोटो आणि आधारची स्कॅन परत काढता येतात. भंगारात जाणार असेल तर डिस्क काढूनच घ्या, चार स्क्रू असतात, आणि बाकीचं मशीन रद्दीवाल्याला न देता ई कचरा घेणाऱ्याकडे द्या, महानगरपालिका अधूनमधून गोळा करतात. काढलेली डिस्क चालू असेल तर शंभर दोनशे रुपयांच्या यूएसबी केसमधे घातली की तुमची बॅकअपची दुसरी प्रत तयार.